लहू गमरेंचे एकशे नव्वद मीटर

लहू गमरे स्की खेळतो, हे त्याच्या गावात कुणालाच खरं वाटत नसे. ओमानमधल्या सीबमध्ये त्याला दर शुक्रवारी स्की खेळताना बघणाऱ्यांनाही ते पुरतं पटलेलं नव्हतं. माणूस गुहागर तालुक्यातला, धोपाव्याजवळचा. जन्मात बर्फ पाहिला तो फ्रीजमधला. वय एकोणसाठ, वजन शहाऐंशी किलो, गुडघे दोन, पैकी कामाचा एक. तरीही शुक्रवारी उजाडलं की तो सीबच्या समुद्राकाठच्या रस्त्यावर हजर असे. पायांना अडीच फुटी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या बांधलेल्या, पट्टीच्या दोन्ही टोकांना एकेक चाक, आणि हातात दोन लांब काठ्या. काठ्या रस्त्याला टोचत टोचत पुढे सरकायचं. या चाकांच्या स्कीला ब्रेक नसतो. थांबायचं असेल तर वेग आपोआप कमी होईपर्यंत धीर धरावा लागतो. लहूला फार धीर धरावा लागत नसे.

हे वेड सीबमध्ये आणलं फिनलंडच्या एका इंजिनिअरने. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पावर तो कामाला होता. त्याला बर्फाची आठवण अनावर झाली की तो चाकांवर निघायचा, आणि वाटेत जो कोणी टक लावून बघेल त्याला शिकवायचा. मायदेशी परत जाताना त्याने दहा जोड चाकांच्या स्की, तेवढ्याच जुन्या बर्फाच्या स्की आणि नऊ माणसं मागे ठेवली. नऊच्या नऊ पन्नाशीच्या पुढची. पन्नाशीच्या आतल्या माणसाला शुक्रवारी सकाळी झोप लागते, त्यामुळे तो अशा फंदात पडत नाही.

क्लबचा अध्यक्ष नुमान. मूळचा रुस्ताकचा, विमानतळावरच्या नोकरीतून निवृत्त झालेला ओमानी. उंच, सडपातळ, आणि कुठल्याही वादाचा निकाल 'खलास' या एका शब्दात लावणारा. सुरैया मॅडम सरकारी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण समोर कुणी बोलत असलं की त्यांची नजर आधी त्याच्या नखांकडे जाई. हुसैनमियाँ दाभोळचे, म्हणजे धोपाव्यासमोर खाडीपलीकडचे. सीबच्या जुन्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, चाळीस वर्षं ओमानी दिशदाशे, म्हणजे पायघोळ अंगरखे, शिवणारे शिंपी. एकनाथ मालवणकडचा, एका हॉटेलात एसी सांभाळायचा. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तो स्की सोडून स्टॉपवॉच सांभाळत होता. क्लबचं बोलणं हिंदीत चाले, आणि भांडण ज्याच्या त्याच्या भाषेत.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्यांचा हिवाळा. तापमान एकोणीसवर आलं की सगळे कानटोप्या घालून हात चोळत आणि म्हणत, यंदा थंडी जरा जास्तच आहे. दर शुक्रवारी सराव, महिन्यातून एक शर्यत, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस मोठी शर्यत. ती रस्त्यावर नाही, बिदियाच्या वाळवंटात. रात्रीच्या दवाने वाळू घट्ट झालेली असते, तेवढ्या वेळात बर्फाच्या स्की बांधून टेकड्यांमधून तीन किलोमीटरचा फेरा मारायचा.

या मोठ्या शर्यतीला एक अट होती. हंगामात एकदा तरी रस्त्यावरचे पाच किलोमीटर चाळीस मिनिटांच्या आत पुरे केले पाहिजेत. नाहीतर नंबर मिळत नाही. फिनलंडवाला एवढंच म्हणायचा, 'तब्येत बरी असेल तर या.' पण लहू पडला कॅलिब्रेशनवाला. रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या प्रयोगशाळेत तो तीस वर्षं मोजमापाची उपकरणं तपासत आला होता. काटा बरोबर असेल तर स्टिकर लावायचं, चुकीचा असेल तर लाल चिठ्ठी. 'तब्येत बरी' हे त्याला मापच वाटेना. त्याने फिनलंडवाल्याच्या एका पानाचे अकरा पानी नियम केले, त्यांना क्रमांक दिले, आणि नियम ४.२ मध्ये चाळीस मिनिटांची अट घातली.

मग तोच नियम चार वर्षं त्याला आडवा आला.

पहिल्या वर्षी त्याने चव्वेचाळीस मिनिटं घेतली. हुसैनमियाँनी तेव्हा सगळ्यांसाठी छातीवरच्या नंबरांचे पट्टे शिवले होते. लहूच्या वाट्याला आला सात. सुरेख पांढरा पट्टा, वर निळ्या कापडाचा सात. तो कपाटात गेला आणि कपाटातच राहिला. दुसऱ्या वर्षी बेचाळीस मिनिटं लागली, तिसऱ्या वर्षी चाळीस मिनिटं एकतीस सेकंद. तिन्ही वर्षं लहू बिदियाला गेला तो चहाचा थर्मास आणि केळ्यांची पिशवी घेऊन. पात्र ठरलेले वाळूवरून जात, लहू चहा ओतत असे. त्याचा चहा उत्तम असतो, असं नुमान अंतिम निकाल वाचताना दर वर्षी न चुकता सांगे.

यंदाचं शेवटचं होतं. मे महिन्यात साठ पूर्ण, नोकरी संपली, व्हिसा संपला, लहू आणि रचना धोपाव्याला परत. धोपाव्याला वाळू आहे, पण तिथे स्की बांधून निघालेल्या माणसाला लोक धरून डॉक्टरकडे नेतील. सात नंबर एकदा तरी छातीवर बांधायचा असेल तर तो याच फेब्रुवारीत.

आणि जानेवारीच्या अखेरच्या शर्यतीत ते घडलं. परतीच्या वाटेवर वारा पाठीशी होता, गुडघा गप्प होता, आणि मासळी बाजाराकडची दोन कुत्री कुठल्याशा गैरसमजातून पाऊण किलोमीटर त्याच्या मागे लागली होती. एकनाथने घड्याळ दाबलं आणि दोनदा बघितलं.

"एकोणचाळीस एक्केचाळीस, गमरेसाहेब."

लहू रस्त्याकडेच्या कठड्याला टेकून उभा होता. बोलता येत नव्हतं. त्याने नुसतीच सात बोटं वर केली.

हुसैनमियाँ आधीच पोचून घाम पुसत बसले होते. त्यांचा वेळ चौतीस पन्नास, आयुष्यातला विक्रम.

"मुबारक, लहूभाऊ. पण एक सांगू? तुमच्या या पाच किलोमीटरात माझी धाप पुरी लागत नाही. पूर्वी लागायची."

"सराव, हुसैनमियाँ."

"सराव असेल. पण चाळीस वर्षं कापड मोजतोय मी. आखूड कापड हाताला कळतं."

लहूने हसून सोडून दिलं. या विषयावरचं त्याचं भाषण सगळ्यांना पाठ होतं. तीन वर्षांपूर्वी या रस्त्याचं नव्याने डांबरीकरण झालं आणि फिनलंडवाल्याने रंगवलेल्या खुणा त्याखाली गेल्या. तेव्हा लहूनेच अंतर नव्याने मोजलं होतं. अडीच किलोमीटर जायचं, वळायचं, अडीच यायचं. त्या वर्षी सगळ्यांचेच वेळ एकदम दीड-दोन मिनिटांनी सुधारले. लहूने त्याचं श्रेय डाव्या काठीच्या कोनाला दिलं, फळा आणून त्यावर व्याख्यान दिलं, आणि नाचणीची आंबील कशी करावी याचा कागद वाटला. सुरैया मॅडम तेव्हापासून नेमाने आंबील पीत होत्या आणि प्रत्येक घोटाला तोंड वाकडं करत होत्या. एकनाथच्या मनगटी घड्याळाने तेच अंतर चार पॉइंट आठ दाखवलं, तेव्हा लहूने त्याला उपग्रह, त्यांच्या कक्षा आणि इमारतींवरून परतणारे संदेश हे सगळं वीस मिनिटं समजावलं. त्यानंतर एकनाथ ते घड्याळ फक्त वेळ बघायला वापरू लागला.

मंगळवारी लहू ऑफिसात सामान सोपवत होता. त्याच्या जागी येणारी प्रणाली मेश्राम चंद्रपूरची. हुशार, कमी बोलणारी, आणि यादीतली ओळ खोडल्याशिवाय पुढच्या ओळीवर न जाणारी. लहूला ती फार आवडे, कारण तो स्वतः असाच आहे अशी त्याची समजूत होती.

"सर, तुमच्या टेबलाखाली एक चाक आहे," प्रणाली म्हणाली. "दांडा लावलेलं. अंतर मोजायचं."

"ते आपलं नाही. कंपनीने भंगारात काढलं होतं, मी घेतलं. रबर फाटलं होतं, मी नवं लावलं."

"पण त्यावर आपलं स्टिकर आहे. 'तपासले' म्हणून. तुमची सही आहे."

"असेल."

"या नंबरचं सर्टिफिकेट रजिस्टरमध्ये नाहीये, सर."

लहू म्हणाला, "बघू." 'बघू' म्हणेपर्यंत त्याला सगळं आठवलंही होतं. तो दिवस, घराचा व्हरांडा, सायकलच्या जुन्या ट्यूबचं कापून चिकटवलेलं रबर. हात पुसताना खिशात एक उरलेलं स्टिकर सापडलं होतं. चाक रिकामं रिकामं दिसत होतं, म्हणून लावलं. देवळातल्या पुजाऱ्याने घरी जाताना गाढवालाही गंध लावावं, तसं.

प्रणालीने प्रयोगशाळेच्या बोळात वीस मीटरची पोलादी टेप अंथरली. लहूने चाक शून्यावर आणलं आणि टेपच्या कडेने चालवत नेलं. वीस मीटर संपले. चाकावरचा आकडा वीसच्या पुढे जाऊन जवळजवळ एकवीसला टेकला होता.

"परत करू," लहू म्हणाला.

त्यांनी पाच वेळा केलं. पाचही वेळा तेच. वीसला वीस पूर्णांक एकोणऐंशी.

कारण पोरकटपणाइतकं सोपं होतं. मूळचं रबर जाड होतं, सायकलच्या ट्यूबचं सहा मिलिमीटरने पातळ. चाक तेवढं लहान झालं. लहान चाक त्याच अंतरात जास्त फिरतं, आणि काउंटर बिचारा प्रत्येक फेऱ्याला एक मीटर धरतो. लहू जे पाच किलोमीटर समजत होता ते चार हजार आठशे दहा मीटर होते. एकशे नव्वद मीटर कमी. त्याच्या वेगाने ते दीड मिनिटाहून जास्त. एकोणचाळीस एक्केचाळीसचे झाले एक्केचाळीस पंधरा. एकनाथचं घड्याळ बरोबर होतं. हुसैनमियाँची धाप बरोबर होती. चुकीचं उपकरण सगळ्या सीबमध्ये एकच होतं, आणि त्यावर लहूची सही होती.

"लाल चिठ्ठी लावू, सर?" प्रणालीने विचारलं. तिने हे चाकाबद्दलच विचारलं होतं.

घरी आल्यावर लहूने दोन दिवस हिशेब केले. उन्हाने डांबर फुगतं का, तर फुगतं, पण एकशे नव्वद मीटर नाही. भरतीच्या वेळी रस्ता लांबतो का, असाही एक विचार त्याच्या मनात येऊन गेला, आणि तो विचार केल्याबद्दल त्याने स्वतःला लाल चिठ्ठी लावली. सकाळी वंदनेला बसला की पंचशीलातल्या तिसऱ्या शीलापर्यंत आवाज खणखणीत लागे. खोटं न बोलण्याचं चौथं आलं की घसा बसे, आणि पाचव्याला पुन्हा मोकळा होई. तिसऱ्या दिवशी रचनाने विचारलंच.

"अहो, चौथ्यालाच तुम्हाला खोकला कसा येतो?"

त्याने सांगितलं. रचना इंडियन स्कूलमध्ये ग्रंथपाल. पुस्तक परत आलं की आधी पानं मोजणारी बाई. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पोळी उलटली.

"प्रणालीशिवाय कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही. ती क्लबात कुणाला ओळखत नाही."

"मग नका सांगू. एकदाच जायचंय तुम्हाला वाळूवर. कुणाचं काय जातंय?"

लहूला एकदम हलकं वाटलं. तो ताटावर बसला.

"फक्त एक करा," रचना म्हणाली. "यापुढे भाजीवाल्याच्या काट्यावरून घरात बोलायचं नाही. पेट्रोल पंपावर खाली उतरून मीटर बघायचा नाही. आणि माझ्या डब्यातल्या मापाला हसायचं नाही. उरलेलं आयुष्य गप्प बसायचं."

लहूने पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला. उरलेलं आयुष्य फार मोठं दिसायला लागलं.

शुक्रवारी सराव संपल्यावर सगळे कठड्यावर चहा घेत होते. लहू उभा राहिला आणि त्याने तीन पानी अहवाल वाचायला घेतला. पहिल्या पानावर 'विषय', 'व्याप्ती' आणि 'संदर्भ' होतं. दुसऱ्या पानावर 'मूळ कारण'. दुसरं पान अर्धं झालं तेव्हा हुसैनमियाँनी कप खाली ठेवला.

"म्हणजे कापड आखूड."

"हो," लहू म्हणाला.

"किती?"

"एकशे नव्वद मीटर."

हुसैनमियाँनी मनातल्या मनात चौतीस पन्नास खोडलं. त्यांच्या तोंडाकडे बघून ते कळत होतं. तो आकडा त्यांनी दाभोळच्या मशिदीपर्यंत पोचवला होता. "मी म्हणत होतो की नाही?" ते म्हणाले, पण जिंकल्याचा आनंद काही त्यांना नीट घेता येईना. "धोपाव्याचं माप. आमच्या खाडीपलीकडे पहिल्यापासून असंच."

एकनाथने बाही वर करून मनगटावरचं घड्याळ लहूच्या तोंडासमोर धरलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

सुरैया मॅडमचं सगळ्यांत वाईट झालं. त्या बासष्टच्या, आणि यंदा पहिल्यांदाच पात्र ठरल्या होत्या. एकोणचाळीस दहा. त्यांनी बटव्यातून पेन काढून रुमालावर आकडेमोड केली. उत्तर चाळीस त्रेचाळीस आलं. लहूने स्वतःचं बाद होणं सोसून घेतलं होतं, पण आपल्याबरोबर दुसरंही कोणी जाईल हा हिशेब त्याच्या तीन पानांत कुठेच नव्हता.

"गमरे," सुरैया मॅडम त्यांच्या स्वच्छ हिंदीत म्हणाल्या, "तुम्ही तीन वर्षं माझे पेपर चुकीचे तपासलेत."

"हो, मॅडम."

"आणि ती आंबील?"

लहूने मान खाली घातली.

"ती मी उगीच प्यायले?"

"तब्येतीला चांगली असते, मॅडम."

"बसा खाली."

लहू खाली बसला. नुमानने सगळ्यांकडे एकदा बघितलं. "पुढच्या शुक्रवारी शेवटची संधी. रस्ता नव्याने मोजायचा, पोलादी टेपने. ज्याचे पाच किलोमीटर खरे चाळीस मिनिटांत होतील तो बिदियाला. बाकीचे चहाला. खलास."

टेपने मोजायला शनिवारचा अख्खा दिवस लागला. एक टोक लहूकडे, दुसरं प्रणालीकडे. ती सुटीच्या दिवशी आपणहून आली होती, कारण तिच्या यादीतली ती ओळ अजून खोडली गेली नव्हती. वळायची खूण पंचाण्णव मीटर पुढे गेली, थेट एका कराक चहाच्या टपरीसमोर.

पुढच्या शुक्रवारी सुरैया मॅडम एकोणचाळीस एकतीसमध्ये आल्या. त्या आंबिलीवर आल्या नव्हत्या, रागावर आल्या होत्या. शेवटच्या टप्प्यात त्या लहूच्या शेजारून गेल्या तेव्हा त्यांची काठी त्याच्या स्कीच्या इतक्या जवळ पडली की ती चुकीने पडली असावी असं त्याने मानून घेतलं.

लहूच्या मागे आज कुत्री नव्हती. टपरीसमोर वळताना त्याला चहाचा वास आला आणि त्याचे पाय वर्षानुवर्षांच्या सवयीने तिथेच मंदावले. बाकी त्याने जे करता येईल ते केलं. डाव्या काठीचा कोन राखला. उजव्याचाही राखला. शेवटच्या पाचशे मीटरला गुडघ्याने बोलायला सुरुवात केली, ती त्याने ऐकून घेतली नाही. रेघ ओलांडून तो कठड्याला जाऊन लटकला.

एकनाथ घड्याळाकडे बघत राहिला.

"किती?" लहूने विचारलं.

"चाळीस नऊ."

समुद्रावर एक होडी परत येत होती. मग एकनाथ घसा खाकरून म्हणाला, "गमरेसाहेब, माझा अंगठा जरा उशिरा पडला बघा. घाम होता. आठ-दहा सेकंद सहज."

"तसं होतं कधी कधी," हुसैनमियाँ म्हणाले.

"होतं," सुरैया मॅडमही म्हणाल्या. त्यांचा राग रस्त्यावरच खर्च झाला होता.

तीस वर्षं लहू हे ऐकत आला होता. साहेब, काटा अडकला असेल. साहेब, हवा दमट आहे. साहेब, एवढं चालतं. आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला त्या सगळ्या माणसांबद्दल प्रेम वाटलं. हो म्हणायला तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते भलतंच.

"हे घड्याळ शेवटचं कधी तपासलंस?"

एकनाथने स्टॉपवॉच उलटं केलं. मागे स्टिकर होतं. 'तपासले. ल. गमरे.'

आधी हुसैनमियाँ हसले, मग सगळेच. लहूही हसला, पण घड्याळ खिशात घालून. शनिवारी ते प्रणालीकडे गेलं. तिने एक तास तपासून सांगितलं की घड्याळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक आहे. लहूने आयुष्यात लावलेल्या सगळ्या स्टिकरांमध्ये याच एकाबद्दल त्याला वाईट वाटलं.

सात नंबरचा पट्टा त्याने कपाटातून काढला, घडी घातली आणि हुसैनमियाँच्या दुकानात परत दिला. "दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल," तो म्हणाला. हुसैनमियाँनी तो मशीनशेजारी ठेवला आणि दिशदाशाची बाही जोडत राहिले.

चहाचा थर्मास धुवायला काढला होता त्या दिवशी नुमानचा फोन आला.

"लहू, वाळूवरचा फेरा आजवर कशाने मोजला?"

"तुमच्या गाडीच्या मीटरने."

"त्या मीटरवर स्टिकर आहे?"

"नाही."

"मग? रस्ता आखूड निघाल्यापासून माझा कशावर विश्वास उरला नाही. टेकड्या दर वर्षी सरकतात. तीन किलोमीटर म्हणजे तीन किलोमीटर पाहिजेत. तू मोज."

"चाक वाळूत चालत नाही."

"चाकाचं नाव काढू नकोस. गाडीही नेता येणार नाही, तिने वाट मोडते. तुझ्या वजनाने पायी गेलास तर गुडघ्यापर्यंत रुतशील." नुमान पुढे म्हणाला, "मोजायला स्की बांधूनच जावं लागेल. तुझ्या अकरा पानांत मोजणाऱ्याला वेळेची अट आहे?"

लहूने अकरा पानं मनातल्या मनात चाळली. नव्हती.

मोठ्या शर्यतीच्या शुक्रवारी बिदियाच्या टेकड्यांवर फटफटलं तेव्हा लहू बर्फाच्या स्की बांधून वाळूवर उभा होता. कमरेला पन्नास मीटरची न ताणली जाणारी दोरी. तिला प्रणालीने सर्टिफिकेट दिलं होतं, तपासून. दोरीचं दुसरं टोक रचनाच्या हातात. लहूने पुढे जायचं, दोरी ताठ झाली की खूण रोवायची, मग मागून रचनाने त्या खुणेपर्यंत यायचं, आणि लहूने तीच खूण उपटून पुढे न्यायची. असं साठ वेळा केलं की तीन किलोमीटर. मोज चुकू नये म्हणून लहूने एक पक्की युक्ती काढली होती. नुमानच्या रुस्ताकच्या बागेतले साठ खजूर डाव्या खिशात. एक दोरी झाली की एक खजूर उजव्या खिशात.

निघणार तेवढ्यात हुसैनमियाँ आले. त्यांच्या हातात पांढरा पट्टा होता. सात उसवून काढलेला. जिथे तो होता तिथे टाक्यांची बारीक भोकं दिसत होती.

"तुमच्या नियमात नंबराला बंदी आहे," ते म्हणाले. "कपड्याला नाही."

लहूने तो छातीवर बांधला आणि निघाला.

वाळू बर्फासारखी असते की नाही हे त्याला सांगता आलं नसतं. त्याला एवढंच कळलं की ती रस्त्यासारखी अजिबात नाही. चढावर स्की मागे येई, उतारावर त्याच्या आधी जाई. पहिल्या दहा दोऱ्यांत तो चार वेळा पडला, आणि चारही वेळा खजूर सांडू नयेत म्हणून खिशावर हात दाबून पडला. रचना मागून ओरडून विचारे, "आहात का?" आणि तो काठी वर करे. बाराव्या दोरीपासून पाय समजुतीला आले. स्की वाळूत दोन समांतर रेघा ओढत चालली. बाजूची टेकडी तांबूस झाली होती, आणि लहू कुणाच्याही आधी त्या वाटेवरून जात होता.

मधे कुठेतरी त्याने थांबून खिसे मोजले. उजव्या खिशात सदतीस. डाव्या खिशात बावीस.

त्याने पुन्हा मोजले. एकोणसाठ.

"रचना," तो म्हणाला, "एक खजूर कमी आहे."

"मघाशी मला दिलात की. मी म्हटलं भूक लागली."

"कुठल्या खिशातला?"

"खजुराला खिसा विचारून खातात का?"

म्हणजे सदतीस दोऱ्या झाल्या होत्या, किंवा अडतीस. लहू उभा राहिला. खाली सपाटीवर सगळे दिसत होते. नंबर बांधलेले, हात चोळणारे, वर बघणारे. उन्हं चढली की दव सुटणार होतं. पन्नास मीटर. कुणालाही कळलं नसतं. हुसैनमियाँची धापही पन्नास मीटरला फसली असती.

तो मागे वळला.

सुरुवातीच्या रेघेवर पोचल्यावर त्याने सगळं खरंखरं सांगितलं. नुमानने आकाशाकडे बघितलं, पण तिथून काही उत्तर आलं नाही. सुरैया मॅडमनी उरलेले एकोणसाठ खजूर त्याच्या दोन्ही खिशांतून काढून घेतले, पोराच्या खिशातून गोट्या काढून घ्याव्यात तसे, आणि सगळ्यांना न्याहारी म्हणून वाटून टाकले. मग प्रश्न आला, की आता मोजायचं कशावर.

हुसैनमियाँनी सुस्कारा टाकला, स्की बांधल्या, आणि खिशातून कापडावर खूण करायचा निळा खडू काढला. "चला. मी येतो शेजारून. पण सांगून ठेवतो, यात माझी शर्यत गेली तर पुढचे चार दिशदाशे तुम्ही शिवायचे."

दुसऱ्यांदा पडायला वेळच नव्हता. एक दोरी झाली की हुसैनमियाँ लहूच्या छातीवरच्या कोऱ्या पट्ट्यावर एक निळी रेघ ओढत. चार उभ्या, पाचवी आडवी. लहू पुढे, हुसैनमियाँ शेजारी, रचना मागून दोरी धरून. तिची चप्पल दुसऱ्या टेकडीत कुठेतरी गेली होती, आणि पुढच्या वर्षीची वाळू ती परत देईल, इन्शाल्ला, असं तिने ठरवून टाकलं होतं. बारावी जुडी पुरी झाली तेव्हा ते फेऱ्याच्या शेवटी, सुरुवातीच्या रेघेजवळ उभे होते. शेवटची खूण नुमानच्या गाडीच्या मीटरच्या खुणेपासून तब्बल एकशे चाळीस मीटर पुढे रोवली गेली.

"तीन किलोमीटर," लहू म्हणाला.

हुसैनमियाँ काठ्यांवर ओणवे झाले होते. चेहरा लाल, श्वास भात्यासारखा. बराच वेळ त्यांना बोलता येईना. मग त्यांनी एक हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पुरी लागली."

नुमान म्हणाला, "यल्ला." एकनाथने घड्याळ हातात घेतलं. सातजण रेघेवर ओळीने उभे राहिले आणि लहूने मोजलेल्या वाटेवरून निघून गेले. लहूने स्की सोडल्या, थर्मास उघडला आणि कप मांडले. रचना अनवाणी पाय झटकत शेजारी येऊन बसली. तिने त्याच्या छातीवरच्या रेघा बोटाने एकदा मोजून पाहिल्या.

"साठ," ती म्हणाली. "सात फक्त मागितला होतात."

"हात लावू नकोस," लहू म्हणाला. "खडू आहे. पुसला जाईल."